नागरिकशास्त्र आणि भंडाऱ्याचा विद्यार्थी

शाळांतून नागरिकशास्त्र शिकविले जात नाही, अशी तक्रार कोणास करता येणार नाही. अस्पृश्यता घटनेच्या कोणत्या कलमाने नष्ट झाली असे पुसल्यास आमचा दहावीचा विद्यार्थी ‘सतराव्या’ हे उत्तर बिनचूक देतो. आमचा आक्षेप निराळा आहे. ते कलम जेथे कसोटीस लागले ते गाव त्याच्याच जिल्ह्यात आहे, हे वर्गात त्यास सांगण्याचे धैर्य फारच थोड्या शिक्षकांना होते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील माता, कन्या व दोन पुत्र अशा चौघांची जमावाने हत्या केली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरवून सहांस फाशी व दोघांस जन्मठेप फर्माविली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. अत्याचार-प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी या खटल्यास लागू धरला नाही. तो का धरला नाही, त्यास पुरावा कोणता लागतो, तो गोळा करणे कोणाचे काम, आणि पाहणारे शेजारी गप्प बसल्यास कायद्याची काय गत होते? हक्क व कर्तव्य यांचे नाते समजाविण्यास याहून मोठा पाठ कोणता?

कोवळ्या मनांवर असल्या गोष्टी कशास बिंबवाव्या, असे काही पालक म्हणतील. पंधरा वर्षांच्या मुलास जात कळते. ती त्यास घरातच शिकविली जाते. मग न्याय तेवढा कळू नये काय?

शाळांचा सारा भर शिस्त, स्वच्छता व आज्ञापालन यांवर. १९७६ साली घटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांत स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्यागही आहे; पण तो पाठांतरापुरता. आणि नुसती नावे बाजू लिहिलेली खतावणी कोणता व्यापारी ठेवतो?

१९५४ साली याच भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीस डॉ. आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, मतदारास मते दोन. दुसरे मत वाया घालविण्यास मतदारांस सांगावे, हा अनुयायांचा सल्ला घटनाकारास शोभणारा नाही म्हणून त्यांनी झिडकारला, असे सांगतात. ते पराभूत झाले. ही हकीकत किती वर्गांतून सांगितली जाते?

न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांस खुले असते. नववी-दहावीच्या मुलांस सत्रातून एक दिवस जिल्हा न्यायालयात न्यावे. साक्ष कशी होते, उलटतपासणीत साक्षीदार कसा टिकतो किंवा फुटतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. वकीलमंडळींपैकी दोघांनी तरी त्यांच्याशेजारी बसून अर्थ उलगडून सांगावा. खेड्यांतील शाळांस एस. टी.च्या भाड्याची अडचण पडेल. ती शहरातील व्यापारी बंधूंनी भागवावी.