वेळ आधी, पत्ता मग

सकाळी ६. ग्रँट रोड स्टेशनासमोर बी. मेरवान उघडलेलं असतं. १९१४ सालचं हे इराणी दुकान मावा केकसाठी ओळखलं जातं, आणि केक भट्टीतून आल्या आल्या संपायलाच लागतो. कामावर निघालेली माणसं खोकी बांधून नेतात. उन्हं चढल्यावर याल तर चहा मिळेल, केकची खात्री नाही. म्हणून खाण्यावरच्या सदरात मी वेळ आधी लिहिते, पत्ता मग.

८.०० दादरला गाडी बदलून माटुंगा. कॅफे मद्रास, १९४० सालचं. बाहेर नाव सांगून थांबायचं, आत अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसायचं. रसम वडा मागवते. वड्याची कड कुरकुरीत आहे तोवर पहिला घास घ्यावा. बाहेरची रांग आतून दिसत असते, त्यामुळे कॉफी संपल्यावर कोणी रेंगाळत नाही. जागा लहान आणि भुकेली माणसं पुष्कळ, तेव्हा ही रीत मला योग्य वाटते. सोमवारी बंद. सुट्टीचा वार छापायला विसरून चालत नाही, वाचक पार विरारहून येतात.

दुपारी १२.३०. बॅलार्ड इस्टेट, ब्रिटानिया. १९२३ पासूनचं हे हॉटेल दुपारच्या जेवणासाठीच. बेरी पुलावात इराणची झरेश्क पडते, लालभडक आणि आंबट. मटणाच्या तुपकट घासाला ती लगेच सावरून घेते. बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी येऊन ऑर्डर घेत असत. २०१९मध्ये ते गेले. रात्रीही उघडं ठेवा, असं लोक सुचवतात. पण हा ऑफिसांचा भाग, संध्याकाळी ओस पडतो. ज्यांच्यासाठी चूल पेटते ती माणसं घरी गेली की चूल बंद करणं हाच खरा धंदा, असं माझं ठाम मत आहे.

३.०० धोबीतलाव, कयानी. ब्रून मस्का, चहा, टिपणं.

४.३० दादर. शिवाजी पार्ककडच्या ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा सर्वांना ठाऊक आहे. आज मात्र मी त्याच भागातल्या एका छोट्या उपाहारगृहाच्या भटारखान्यात उभी आहे. आचारीमामांनी साबुदाणा दुपारीच धुऊन जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात ठेवला होता. आता एक दाणा अंगठ्याखाली दाबून बघतात. सपाट झाला, मधे कणी लागली नाही. मग उकडलेला बटाटा, दाण्याचं जाडसर कूट, मिरची, जिरं. मीठ सगळ्यात शेवटी, आणि तेही एका घाण्यापुरत्याच मिश्रणात, कारण मिठाने पाणी सुटतं आणि ओला वडा तेलात फुटतो.

“ताई, वडा कढईत नाही बिघडत, परातीत बिघडतो,” मामा म्हणतात.

पहिला घाणा साडेपाचला, ऑफिसं सुटायच्या बेताने. वडे कढईत सोडल्यावर मामा झारा लावत नाहीत. कड घट्ट होऊन वडा आपणहून वर आला की मगच उलटतात. भिजवलेला साबुदाणा संपला की वडा संपला. फळ्यावरचं नाव पुसतात, दुसरा झटपट भिजवायला घेत नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरतं. मालककाका हात जोडतात आणि मिसळ सुचवतात. अशा नकाराला धीर लागतो, भाड्याच्या जागेत तर फारच.

रात्री ८. लालबागची खाणावळ. गिरण्या होत्या तेव्हा इथल्या पंगती पाळीच्या भोंग्यावर उठायच्या. घरोघरी गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. भोंगे गेले तरी आठचं जेवण आठलाच वाढलं जातं. “सुरमई संपली बघ. बांगडा देऊ?” मावशी विचारतात. देतात तो तिरफळ घातलेल्या कालवणातला. भात दुसऱ्यांदा न मागता येतो.

१०.०० घरी, लिहायला. संपादकांना प्रत्येक जागेला तारे हवे आहेत. सकाळच्या मेरवानला आणि दुपारच्या मेरवानला एकच गुण मी कसे देऊ? तारे गाळून मजकूर पाठवते. दादरच्या नोंदीची पहिली ओळ: साबुदाणा वडा, साडेपाच ते सात. नंतर गेल्यास मिसळ घ्यावी, तीही उत्तम असते.