सीएसएसमधील 'डिस्प्ले' गुणधर्म आणि वेबपृष्ठाची मांडणी : एक विवेचन

गोषवारा

वेबपृष्ठावरील प्रत्येक दृश्य घटक ब्राउझरच्या लेखी एक किंवा अनेक आयताकृती चौकटींचा बनलेला असतो. ही चौकट शेजारच्या चौकटींशी कशी वागेल आणि आपल्या पोटातील घटकांची मांडणी कशी करेल, हे दोन्ही निर्णय सीएसएसमधील 'डिस्प्ले' या एकाच गुणधर्माने होतात. प्रस्तुत लेखात महाविद्यालयाच्या परीक्षा-सूचनेचे पृष्ठ उदाहरणादाखल घेऊन या गुणधर्माच्या प्रमुख मूल्यांचे विवेचन केले आहे. मांडणी बदलताना आशयाचा अर्थ आणि दृष्टिहीन वाचकाची सोय कोठे धोक्यात येते, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : सीएसएस, डिस्प्ले, चौकट, फ्लेक्स, ग्रिड, सुगम्यता

१. प्रस्तावना

प्रवेश, वेळापत्रक, निकाल यांसारखी माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याचे संकेतस्थळ हे आज एक प्रमुख साधन आहे. संगणकाच्या रुंद पडद्यावर नीटनेटके दिसणारे पृष्ठ मोबाइलवर मात्र अस्ताव्यस्त होते. मेनू दोन ओळींत तुटतो, तक्ता पडद्याबाहेर जातो. अशा वेळी रुंदीचे आकडे बदलून पाहण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा आकड्यांत नसून त्या घटकास दिलेल्या 'डिस्प्ले' मूल्यात असतो. म्हणून या मूल्यांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांमागील तत्त्व समजून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

एचटीएमएलची रचना मुळात मजकुराचे स्वरूप सांगण्यासाठी झाली : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. दृश्य रूप वेगळ्या शैलीपत्रकात लिहावे, असा प्रस्ताव होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत कार्यरत असताना मांडला. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली पातळी प्रमाणित झाली. तीत 'डिस्प्ले' गुणधर्मास 'ब्लॉक', 'इनलाइन', 'लिस्ट-आयटम' आणि 'नन' अशी चारच मूल्ये होती. मे १९९८ मधील दुसऱ्या पातळीत तक्त्याशी संबंधित मूल्यांची भर पडली.

तथापि ब्राउझरांचा पाठिंबा अपुरा असल्याने संकेतस्थळे रचणारे दीर्घकाळ तक्त्यांचाच आधार घेत राहिले. स्तंभ पाडण्यासाठी एकात एक तक्ते बसविले जात आणि रिकामी जागा राखण्यासाठी एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणून वापरले जाई. पुढे चित्राभोवती मजकूर वाहता ठेवण्यासाठी असलेल्या 'फ्लोट' गुणधर्मावर स्तंभरचनेचे काम सोपविले गेले. खास मांडणीसाठी योजलेल्या 'फ्लेक्स' पद्धतीचा पहिला मसुदा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'ग्रिड' पद्धत मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम व सफारी या तिन्ही ब्राउझरांत उपलब्ध झाली.

३. एक गुणधर्म, दोन निर्णय

'डिस्प्ले'चे प्रत्येक प्रमुख मूल्य दोन प्रश्नांची उत्तरे देते. पहिला प्रश्न बाह्य वर्तनाचा : ही चौकट स्वतंत्र ओळ घेईल, की वाक्यातील शब्दाप्रमाणे इतरांच्या रांगेत बसेल? दुसरा प्रश्न अंतर्गत रचनेचा : तिच्या पोटातील घटक मजकुराच्या सामान्य प्रवाहाप्रमाणे मांडले जातील, एका अक्षावर रांगेने मांडले जातील, की आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीत?

सीएसएस डिस्प्ले या विभागाच्या तिसऱ्या पातळीत ही दोन उत्तरे दोन शब्दांत स्वतंत्रपणे लिहिण्याची सोय केली आहे. त्यानुसार 'ब्लॉक' म्हणजे 'ब्लॉक फ्लो', 'फ्लेक्स' म्हणजे 'ब्लॉक फ्लेक्स' आणि 'इनलाइन-फ्लेक्स' म्हणजे 'इनलाइन फ्लेक्स'. यातील पहिला शब्द बाह्य वर्तन सांगतो, तर दुसरा अंतर्गत रचना. एखाद्या मेनूस 'फ्लेक्स' दिल्यावर तो मेनू स्वतः पूर्ण रुंदी व्यापतो आणि त्याची अपत्ये मात्र रांगेत बसतात, यातील वरवरची विसंगती या फोडीमुळे नाहीशी होते.

आणखी एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. परिच्छेद 'ब्लॉक' असतो तो ब्राउझरच्या अंगभूत शैलीपत्रकामुळे. 'डिस्प्ले'चे आरंभीचे मूल्य 'इनलाइन' हेच आहे. म्हणून 'स्पॅन' या घटकास 'ब्लॉक' केल्याने तो परिच्छेदासारखा दिसेल, पण परिच्छेद होणार नाही.

४. ब्लॉक, इनलाइन आणि इनलाइन-ब्लॉक

'ब्लॉक' चौकट नव्या ओळीवर सुरू होते आणि रुंदी दिली नसल्यास उपलब्ध रुंदी व्यापते. एकाखाली एक आलेल्या दोन 'ब्लॉक' चौकटींपैकी वरचीस खाली २० पिक्सेल आणि खालचीस वर ३० पिक्सेल मार्जिन दिले, तर त्यांत अंतर ५० नव्हे, ३० पिक्सेल राहते. लगतची उभी मार्जिने एकमेकांत मिसळतात. याच दोन चौकटी उभ्या 'फ्लेक्स' रांगेत ठेवल्या की मार्जिने मिसळत नाहीत आणि अंतर ५० पिक्सेल होते.

'इनलाइन' चौकट ओळीतील मजकुराबरोबर वाहते. सूचनेतील अंतिम तारखेच्या ठळक शब्दांना रुंदी किंवा उंची दिली तरी तिचा परिणाम होत नाही. आडवे मार्जिन व पॅडिंग लागू होते. उभे पॅडिंग रंगविले जाते, पण ओळींमधील अंतर वाढवीत नाही. त्यामुळे पार्श्वरंग वरच्या ओळीवर चढल्यासारखा दिसतो.

'इनलाइन-ब्लॉक' हे मूल्य दोहोंचा मेळ घालते : चौकट ओळीत बसते आणि रुंदी-उंचीही पाळते. मात्र शब्दांमध्ये जसे रिकामे अंतर असते, तसे ते या चौकटींतही राहते. ९६० पिक्सेल रुंदीच्या पट्टीत 'प्रवेश', 'वेळापत्रक' आणि 'निकाल' या प्रत्येकी ३२० पिक्सेलच्या तीन चौकटी ठेवल्यास बेरीज अचूक जुळते. तरीही एचटीएमएलमध्ये त्या वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्या असतील, तर मधल्या दोन रिकाम्या अंतरांमुळे तिसरी चौकट खाली घसरते.

देवनागरी लिपीच्या संदर्भात या मूल्याचा विशेष विचार करावा लागतो. शीर्षक हलते दाखविण्यासाठी काही प्रोग्राम प्रत्येक युनिकोड चिन्हास स्वतंत्र 'इनलाइन-ब्लॉक' चौकटीत घालतात. 'परीक्षा' या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये सात चिन्हे असतात. अशी फोड केल्यास दीर्घ वेलांटी 'र'पासून तुटून ठिपक्यांच्या वर्तुळासह उमटते आणि 'क्ष' हे जोडाक्षर मोडते. रोमन लिपीत निर्दोष चालणारी युक्ती मराठीत अक्षर बिघडवते, ती अशी.

५. फ्लेक्स आणि ग्रिड

'फ्लेक्स' ही प्रामुख्याने एका दिशेची मांडणी आहे. वरील तीन चौकटींच्या पट्टीस 'फ्लेक्स' दिल्यास रिकाम्या अंतराचा प्रश्न उरत नाही. पट्टी ६०० पिक्सेलची झाली, तर आतील आशय मावत असेपर्यंत प्रत्येक चौकट २०० पिक्सेलपर्यंत आक्रसते. आक्रसण्याऐवजी पुढील ओळीवर जावे असे वाटल्यास तशी स्वतंत्र सूचना द्यावी लागते.

'ग्रिड' मात्र ओळी आणि स्तंभ या दोन्हींचा एकत्रित विचार करते. ९६० पिक्सेलच्या पृष्ठात डावीकडे २४० पिक्सेलचा मेनू, मध्ये २० पिक्सेल अंतर आणि उर्वरित जागा सूचनेस, असे सांगितल्यास सूचनेच्या वाट्यास ७०० पिक्सेल येतात. पडदा अरुंद असेल तेव्हा माध्यम-अटीच्या साहाय्याने हेच दोन स्तंभ एकाखाली एक आणता येतात. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या प्रतिसादक्षम रचनेच्या विचाराला या दोन पद्धतींनी भक्कम आधार दिला.

६. दिसणे आणि अर्थ

'डिस्प्ले' हा दृश्य मांडणीचा गुणधर्म असला, तरी त्याचे परिणाम केवळ दृश्य नसतात. 'नन' हे मूल्य चौकटच निर्माण होऊ देत नाही. घटकाने जागा व्यापणे थांबते आणि स्क्रीन रीडरही तो वाचत नाही. याउलट 'व्हिजिबिलिटी' गुणधर्माने लपविलेला घटक दिसत नाही, पण आपली जागा राखून ठेवतो. 'नन'ने लपविलेला मजकूर वाचकाच्या संगणकावर पोहोचलेलाच असतो. सराव चाचणीची उत्तरे अशा रीतीने झाकल्यास पृष्ठाचा स्रोत उघडणाऱ्या कोणासही ती वाचता येतात. 'नन' म्हणजे गोपनीयता नव्हे.

अधिक गंभीर प्रश्न तक्त्यांचा आहे. मोबाइलवर वेळापत्रक मावावे म्हणून तक्ता, त्याच्या ओळी आणि कप्पे या सर्वांना 'ब्लॉक' करण्याची पद्धत प्रचलित झाली. डोळस वाचकास ती सोयीची वाटते. परंतु काही ब्राउझरांत व त्यांच्या काही आवृत्त्यांत या बदलामुळे तक्त्याची ओळखच सुगम्यता-व्यवस्थेतून पुसली गेल्याचे आढळले आहे. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर एरवी कप्प्याबरोबर स्तंभाचे शीर्षक सांगतो. ओळख पुसल्यावर दृष्टिहीन विद्यार्थ्यास तारीख, विषय आणि वेळ यांची सलग मालिका ऐकू येते. कोणता पेपर कोणत्या दिवशी, हे त्यातून उमगणे कठीण होते. यावर सोपा उपाय म्हणजे तक्त्याचे मूल्य न बदलता त्यास आडव्या सरकणाऱ्या वेष्टनात ठेवणे.

'फ्लेक्स' आणि 'ग्रिड'मध्ये घटकांचा दृश्य क्रम बदलता येतो, पण कळफलकाची टॅब कळ सामान्यतः मूळ लेखनक्रमच पाळते. दिसणारा क्रम आणि वाचनक्रम वेगळे पडले, तर प्रवेश-अर्ज भरणारा विद्यार्थी गोंधळतो. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचा समावेश आहे. त्यामुळे हा विषय केवळ तांत्रिक सौष्ठवापुरता उरत नाही.

७. अध्यापनातील उपयोजन

वर्गात हा विषय शिकविताना प्रथम शैलीविरहित पृष्ठ तयार करून घ्यावे आणि ते वरपासून खालपर्यंत अर्थपूर्ण वाचले जाते का, हे तपासावे. त्यानंतर प्रत्येक घटकाविषयी दोन प्रश्न विचारावेत : ही चौकट शेजाऱ्यांशी कशी वागावी? तिची अपत्ये कशी मांडली जावीत? ब्राउझरमधील तपासणी-साधन उघडून एकेक मूल्य बदलल्यास परिणाम तत्काळ दिसतो. अखेरीस पृष्ठ अरुंद पडद्यावर, केवळ कळफलकाने आणि स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पडताळावे.

८. निष्कर्ष

'डिस्प्ले'ची मूल्ये संख्येने अनेक असली, तरी बहुतेकांचा उलगडा बाह्य वर्तन आणि अंतर्गत रचना या दोन प्रश्नांतून होतो. 'ब्लॉक' व 'इनलाइन' ही मूल्ये मजकुराच्या प्रवाहासाठी, 'फ्लेक्स' रांगेसाठी आणि 'ग्रिड' जाळीसाठी योजावीत. घटकाचा अर्थ मात्र एचटीएमएलमध्येच निश्चित झाला पाहिजे; तो 'डिस्प्ले'ने निर्माण होत नाही, निष्काळजीपणे वापरल्यास हरवू मात्र शकतो. परीक्षेचे वेळापत्रक सर्व विद्यार्थ्यांना सारखेच कळले, तरच त्या पृष्ठाची मांडणी यशस्वी म्हणता येईल.