‘ड्रायव्हर उडालाय’: थंब मशीनबद्दलचे सात गैरसमज

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात पीएम-किसानची ई-केवायसी, पेन्शनचा हयातीचा दाखला, बँक मित्राकडून काढायचे पैसे, सगळं एका छोट्या यूएसबी यंत्रावर अडतं. कागदोपत्री ते फिंगरप्रिंट स्कॅनर, बोलण्यात थंब मशीन. ते चाललं नाही की निदान ठरलेलं असतं: ‘ड्रायव्हर उडालाय.’ प्रत्यक्षात वायर, पोर्ट, ड्रायव्हर, आरडी सर्व्हिस, आधारचा सर्व्हर आणि समोरच्याचं बोट एवढ्या कड्या एकामागून एक जोडलेल्या असतात. ड्रायव्हर त्यातली फक्त एक.

गैरसमज १: मशीन दिसत नाही, म्हणजे ड्रायव्हर गेला.

वस्तुस्थिती: यूएसबी यंत्र लावलं की ते आधी स्वतःची ओळख सांगतं: बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आणि मॉडेलचा क्रमांक. त्यावरून विंडोज ड्रायव्हर निवडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि त्यापुढे ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ दिसलं, तर ही ओळखच पोहोचलेली नाही. तिथे ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी बहुधा उपयोग नाही. संशय आधी वायर, पोर्ट किंवा यंत्रावर घ्यावा. तेच यंत्र दुसऱ्या संगणकाला लावून पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, यंत्राच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथला कोड बरंच सांगतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे यंत्राने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही. चारही कोडचे उपाय वेगळे, म्हणून मेकॅनिकला फोन करताना आधी हा आकडा सांगावा.

गैरसमज २: सगळे यूएसबी पोर्ट सारखेच.

वस्तुस्थिती: संगणकाच्या यूएसबी २.० पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब लावला की त्याच्या एकेका पोर्टला १०० मिलिअँपिअरचाच भरवसा. गिऱ्हाइकाला काउंटरपलीकडून अंगठा ठेवता यावा म्हणून लांब एक्स्टेन्शन वायर जोडतात. तिच्यात व्होल्टेज आणखी पडतं. मग मशीनचा दिवा लागतो, पण अंगठा घेताना ते बंद पडतं. कॅबिनेटच्या मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, पुढचे आतल्या वायरने जोडलेले. म्हणून मशीन आधी मागे, थेट लावून पाहावं. तेवढ्याने चाललं तर ड्रायव्हर निर्दोष.

गैरसमज ३: बंद करून चालू केलं, म्हणजे रीस्टार्ट झालं.

वस्तुस्थिती: विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि संगणक चालू करताना तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर त्यामुळे अडकलेलाच राहू शकतो. ‘रीस्टार्ट’ दिल्यावर मात्र सगळं नव्याने लोड होतं.

गैरसमज ४: गुगलवर पहिला दिसला तो ड्रायव्हर चालतो.

वस्तुस्थिती: ड्रायव्हरला विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोहोच असू शकते. भलत्या ठिकाणचा ड्रायव्हर किंवा फुकटचं ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणजे गावभराचे अंगठे घेणाऱ्या संगणकाची किल्ली अनोळखी माणसाला देणं. ड्रायव्हर यंत्राच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा, मॉडेलचं नाव मशीनखालच्या स्टिकरवरून वाचून. बरेचदा आधी ड्रायव्हर टाकून मगच मशीन लावायचं असतं; कंपनीने सांगितलेला क्रम पाळावा. जुना बिघडलेला ड्रायव्हर काढायचा तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुसण्याच्या चौकटीतही खूण करावी, नाहीतर विंडोज तोच परत बसवतं. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागचा परत आणता येतो. नवा म्हणजे चांगलाच, असं नाही.

गैरसमज ५: ड्रायव्हर बसला, आता आधार चालणार.

वस्तुस्थिती: आधारसाठी ड्रायव्हरच्या वर आरडी, म्हणजे ‘रजिस्टर्ड डिव्हाइस’, सर्व्हिस लागते. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयने २०१७ साली अशा नोंदणीकृत उपकरणांची सक्ती सुरू केली. तेव्हापासून ठसा डिजिटल सही आणि एन्क्रिप्शनचं कुलूप लावूनच पुढे जातो. ही सर्व्हिस संगणकात पडद्यामागे चालते आणि ब्राउझर तिच्याशी ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्ट क्रमांकावर बोलतो. ती थांबली, तिची मुदत संपली किंवा अँटिव्हायरसने अडवली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसूनही साइटवर ‘डिव्हाइस नॉट रेडी’ येतं.

दुसरी अडचण यंत्राच्या पिढीची. एल-झिरो यंत्रात ठशाला कुलूप संगणकातलं सॉफ्टवेअर लावतं, एल-वनमध्ये ते यंत्राच्या आतच लागतं. यूआयडीएआय एल-वनकडे वळलं आहे. मंत्रा कंपनीचं एमएफएस १०० हे एल-झिरो, एमएफएस ११० हे एल-वन. कोणताही ड्रायव्हर पहिल्याचं दुसरं करू शकत नाही.

गैरसमज ६: काहीच जमेना तर फॉरमॅट मारा.

वस्तुस्थिती: फॉरमॅटने वायर जोडली जात नाही आणि यंत्राची पिढीही बदलत नाही, गिऱ्हाइकांच्या पावत्या मात्र जातात. त्याआधी कोपऱ्यातलं घड्याळ पाहावं. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, त्यामुळे साइट उघडत नाही आणि आरडी सर्व्हिसही तयार होत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलून तारीख बरोबर केली की काम होतं.

गैरसमज ७: अंगठा लागत नाही, म्हणजे मशीन खराब.

वस्तुस्थिती: हिंगोली हा हळदीचा जिल्हा. काढणी, शिजवणं, वाळवणं, या कामात बोटांच्या रेषा झिजतात. वयाने आणखी पुसट होतात. एरर ३०० आला तर मशीनने ठसा घेतला, सर्व्हरपर्यंत नेला आणि तो आधारमधल्या नोंदीशी जुळला नाही. म्हणजे मशीन, ड्रायव्हर, इंटरनेट, तिन्ही ठणठणीत. एरर ३३० म्हणजे त्या माणसाचं बायोमेट्रिक लॉक आहे. जुळत नसेल तर काच मऊ कापडाने पुसा, हात धुऊन कोरडा करायला सांगा, दहाही बोटं आजमावा. तरीही नाही जमलं तर माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायची गरज नाही. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०२१ पासून आणि पीएम-किसानच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. त्याला बऱ्या कॅमेऱ्याचा अँड्रॉइड फोन पुरतो. थंब मशीन लागत नाही आणि त्याचा ड्रायव्हरही.