फुकटच्या आज्ञावलीची न दिसणारी किंमत

सार्वजनिक संस्थांनी संगणकाच्या आज्ञावली विकत घ्याव्यात की मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेल्या वापराव्यात, हा वाद आता बराचसा मागे पडला आहे. भारत सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळमधील शाळांनी त्यापूर्वीच लिनक्सचा अवलंब केला होता. महाराष्ट्रातही अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये 'कोहा' या मुक्त आज्ञावलीवर चालतात. परवान्याचे पैसे वाचतात, हे खरेच आहे. परंतु जी वस्तू विनामूल्य मिळते ती विनामूल्य टिकतेही, असा जो समज या व्यवहारात रूढ झाला आहे, तो तपासून पाहणे आवश्यक आहे. मुक्त आज्ञावलीचा खर्च नाहीसा होत नाही. तो खरेदीच्या खात्यातून देखभालीच्या खात्यात जातो. आणि ज्या अंदाजपत्रकात देखभालीचे खातेच नसते, तेथे तो संकटाच्या रूपाने वसूल होतो.

संहितेचे भांडार

कोणतीही आज्ञावली हा मुळात माणसाने लिहिलेला मजकूर असतो. त्या मूळ संहितेचे यंत्राला समजणारे रूपांतर तेवढे सामान्य ग्राहकाच्या हाती पडते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा आग्रह पैशासाठी नव्हता. मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असावा, यासाठी होता. आज ही संहिता बहुधा 'गिट' या व्यवस्थेच्या भांडारात ठेवलेली असते. लिनक्सच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या एका खासगी व्यवस्थेची विनामूल्य सवलत संपुष्टात आली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिटची निर्मिती केली. व्यापाऱ्याच्या कीर्दीप्रमाणे येथे प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणत्या नावाने, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली गेली आणि त्याचे कारण काय दिले गेले, हे कोणालाही पाहता येते.

बहुसंख्य लोकांचा या भांडाराशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. लिनक्सचे वितरक संहितेपासून तयार संच बनवतात आणि तेच संगणकावर चढवले जातात. परंतु ज्या संस्थेने आज्ञावलीत स्वतःच्या गरजेनुसार फेरफार केले आहेत, किंवा जिला एखादी दुरुस्ती तयार संच येण्याआधीच हवी आहे, तिला भांडारापर्यंत जावे लागते. हे काम एका आज्ञेत उरकते, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ती शेवटची पायरी असते. प्रथम चालू माहितीची प्रत काढून ती पुन्हा वाचता येते याची खात्री करावी लागते. नव्या आवृत्तीबरोबर आलेले टिपण वाचावे लागते. भांडारातील विकासाची शाखा आणि स्थिर म्हणून खूण केलेली आवृत्ती यांतला भेद ओळखावा लागतो. आपण केलेले फेरफार नव्या संहितेशी विसंगत ठरतात काय, हे ओळीओळीने ताडून पाहावे लागते. मग वेगळ्या यंत्रावर चाचणी, माहितीच्या तक्त्यांची नव्या रचनेत मांडणी आणि अखेरीस प्रत्यक्ष बदल. एवढे करूनही काही बिघडलेच, तर जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. हे कुशल माणसाचे काम आहे आणि ते एकदा करून संपत नाही. कोहाची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि मधल्या काळात दुरुस्त्या येतच राहतात.

उशीर आणि घाई

या कामाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतविषयक माहिती सांभाळणाऱ्या कंपनीने घालून दिला आहे. 'अपाचे स्ट्रट्स' या मुक्त आज्ञावलीतील गंभीर दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. कंपनीच्या एका यंत्रणेवर ती चढवली गेली नाही. मे महिन्यात चोरटे त्याच वाटेने आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. औषध फुकट उपलब्ध होते. ते वेळेवर देणारे कोणी नव्हते. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीला किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देणे भाग पडले.

तेव्हा नवी आवृत्ती आली रे आली की ती चढवावी, असा निष्कर्ष कोणी काढील. मार्च २०२४ मधील 'एक्सझेड' प्रकरणाने तोही अपुरा ठरवला. माहितीचा संक्षेप करणारी ही छोटी आज्ञावली असंख्य लिनक्स यंत्रांत असते. तिचा भार दीर्घकाळ मुख्यत्वे एकाच स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणा व्यक्तीने किंवा गटाने सुमारे दोन वर्षे मदतनीस म्हणून काम करून विश्वास संपादन केला, सहदेखभालीचा अधिकार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला. त्यातील विषारी भाग चाचणीच्या निरुपद्रवी फायलींच्या मिषाने भांडारात ठेवलेला होता. मात्र त्याला जागे करणारा मजकूर भांडारात नव्हता. वितरकांसाठी तयार केलेल्या संहितेच्या गठ्ठ्यात तेवढा तो मिसळला होता. म्हणजे कीर्द एक सांगत होती आणि दुकानातील माल दुसराच होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे जाणवले. त्याने पाठपुरावा केला म्हणून हा दरवाजा स्थिर वितरणांत पसरण्यापूर्वीच उघडकीस आला. ज्यांनी नव्या आवृत्त्यांची घाई केली होती, तेच प्रथम त्याच्या टप्प्यात आले होते.

एका प्रकरणात उशीर घातक ठरला, दुसऱ्यात घाई. दोहोंतून निघणारे तात्पर्य मात्र एकच आहे. केव्हा थांबावे, केव्हा धावावे आणि हाती आलेला गठ्ठा भांडाराशी ताडून केव्हा पाहावा, याचा निर्णय जाणकार माणसालाच करावा लागतो. मूळ संहिता खुली आहे, एवढ्याने सुरक्षितता येत नाही. ती वाचणारा कोणी असेल, तरच त्या खुलेपणाला अर्थ आहे.

गायरान आणि विहीर

अर्थशास्त्रात सामाईक मालमत्तेची चर्चा जुनी आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, गायरानात प्रत्येक जण एक जनावर अधिक सोडतो आणि अखेरीस गवतच उरत नाही. आज्ञावलीचे तसे नाही. लाखो लोकांनी तिची प्रत घेतली तरी ती तसूभरही कमी होत नाही. तिची तुलना गायरानापेक्षा गावच्या विहिरीशी करणे अधिक योग्य ठरेल. पाणी भरायला सारे येतात, पण गाळ काढण्याच्या दिवशी कोणी फिरकत नाही.

या विहिरीचे मोलही थोडके नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधानुसार, सर्वत्र वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहायचे तर सुमारे ४१५ कोटी डॉलर पुरतील. पण वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेला ते स्वतंत्रपणे उभारावे लागले असते, तर तो आकडा ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता. या मूल्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग अवघ्या ५ टक्के आज्ञावलीकारांच्या श्रमातून आला आहे. उलट बाजूस 'ओपनएसएसएल'चे उदाहरण आहे. जगातील आर्थिक व्यवहारांचा मोठा भाग या आज्ञावलीच्या संरक्षणाखाली चालतो. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, तेव्हा तिला मिळणाऱ्या देणग्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर एवढ्याच होत्या, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ नसतो. वापरणाऱ्यांनी नियम घालून घेतले आणि भार वाटून घेतला तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवून दिले. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना या कार्याबद्दलच मिळाले. जर्मनीने २०२२ मध्ये अशा मूलभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला, तो याच दिशेने जाणारा आहे.

भारतातील सार्वजनिक संस्थांना याहून लहान, पण तितकीच आवश्यक पावले टाकता येतील. मुक्त आज्ञावली स्वीकारताना परवान्याची जी रक्कम वाचते, तिचा ठरावीक हिस्सा दरवर्षी देखभालीसाठी राखून ठेवावा. उभारणीचे कंत्राट देताना पुढील पाच वर्षांच्या अद्ययावतीकरणाची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहावी. प्रत्येक लहान महाविद्यालयाला स्वतंत्र तज्ज्ञ परवडणार नाही, हे उघड आहे. परंतु एका विद्यापीठातील ग्रंथालयांनी मिळून दोन-तीन जाणकार माणसे नेमणे आवाक्याबाहेरचे नाही. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या आणि मराठीसाठी केलेले बदल मूळ भांडाराकडे परत पाठवावेत. तसे केल्यास प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी तेच बदल पुन्हा जुळवत बसण्याचा त्रासही वाचेल.

न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी कोहा तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. मात्र त्या समाजात अशी भेट परतफेडीची जाणीव ठेवूनच स्वीकारायची असते. भेट घेण्याची तत्परता भारतीय संस्थांनी दाखवली आहे. तिच्यासोबत येणारे कर्तव्य आता त्यांच्या अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.