निरोपाला तारीख, मदतीला माप : सेवा क्लब आणि मोबाइल

रोटरी, लायन्स, जेसीज यांसारखे सेवा क्लब आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. पेठ वडगावसारख्या बाजाराच्या गावात अशा क्लबात कोण असतात? कापडवाले, किराणावाले, डॉक्टर, वकील, शिक्षक, एखादा बँकेतील अधिकारी. म्हणजे ज्यांच्या शब्दाला पेठेत किंमत आहे आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये पंचक्रोशीतील शेकडो लोकांचे नंबर आहेत, अशी माणसे. एवढे मोठे भांडवल हाती असताना त्याचा उपयोग काय होतो, हे अशा कोणत्याही ग्रुपवर डोकावल्यास समजते. सकाळी सुप्रभात, दुपारी वाढदिवस, संध्याकाळी हार-तुऱ्यांचे फोटो. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर भांडवल तिजोरीत पडून आहे, फिरत नाही.

ते फिरले तर काय होते आणि बेहिशेबी फिरले तर काय होते, या दोन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्याने ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाहिल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस वाहतूक थांबली. शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे हलवावी लागली. मोबाइलवरून हाक गेली आणि मुंबई-पुण्याहून, मराठवाड्यातून मदतीच्या गाड्या निघाल्या. माणुसकी कमी पडली नाही, याबद्दल शंकाच नको. कमी पडला तो हिशेब.

कापडाच्या धंद्यातील माणसाला ही गोष्ट लगेच दिसली. ‘पूरग्रस्तांना कपडे हवेत’ एवढाच निरोप फिरत होता. कोणाला, किती, कोणते, कोठे, कधीपर्यंत, काही नाही. परिणाम असा झाला की जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले आणि जे हवे होते ते आलेच नाही. साडी आली, पण परकर नाही, ब्लाउज नाही. खेड्यातील म्हाताऱ्या बाईला नऊवारी लागते, तिच्या हाती पाचवारी जॉर्जेट. पुरुषांसाठी पँटी आल्या. पण ज्याच्या कमरेचे माप कोणी विचारलेच नाही, त्याला लुंगी दिली असती तर भागले असते. जाड ब्लँकेट पावसाळ्यात एकदा भिजले की वाळत नाही. तेथे इचलकरंजीच्या मागावरची साधी सुती चादर दहापट उपयोगी. अंतर्वस्त्रे नवीनच हवीत, हे सांगायला तर सर्वांनाच संकोच वाटतो.

आता हाच निरोप एखाद्या क्लबने व्यापाऱ्याच्या चलनाप्रमाणे लिहिला असता तर? तारीख आणि वेळ. गावाचे नाव, छावणीचे ठिकाण. नऊवारी ४०, परकर ६०, लुंगी ५०, सुती चादर १०० असा आकडा. माल कोणी उतरवून घ्यायचा, त्याचे नाव आणि फोन. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गरज भागल्यावर दुसरा निरोप : ‘येथील मागणी पूर्ण झाली, आता पाठवू नये.’ हा दुसरा निरोप पाठविण्याचे कोणालाच सुचत नाही. परगावची पार्टी माल पाठविते तेव्हा बिल्टी येते, माल पोहोचल्याची सही जाते, मगच खतावणीत नोंद होते. दुकानात जी शिस्त आपण रोज पाळतो, ती सेवेच्या कामात का सोडून द्यावी? जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पुढेही येणार नाही, असे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा अशा चलनाचा नमुना क्लबांनी उन्हाळ्यातच तयार करून ठेवावा.

मोबाइलवर फिरण्यास लायक बातमी कशी असते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत इचलकरंजीचे माग बंद होते, रोजगार बुडाला होता. त्या रमजानमध्ये तेथील मुस्लिम समाजाने जकातीच्या रकमेतून ३६ लाख रुपये जमविले आणि इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. ईदच्या दिवशी त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते दूरचित्रसंवादाद्वारे त्याचे उद्‌घाटन झाले. या बातमीत रक्कम आहे, खाटांची संख्या आहे, रुग्णालयाचे नाव आहे. कोणीही जाऊन पाहावे. म्हणूनच ती बातमी हिंदू-मुस्लिम दोघांच्याही मोबाइलवर फिरली. ‘आम्ही फार मोठी सेवा केली’ असे शंभर फोटो टाकून जे साधत नाही, ते त्या १० खाटांनी साधले.

रोटरीच्या बैठकांत चार प्रश्नांची एक कसोटी वाचली जाते. ती मूळची एका व्यापाऱ्याची आहे, हे पुष्कळ सभासदांच्या लक्षात नसते. शिकागोमध्ये ॲल्युमिनियमची भांडी बनविणारी एक कंपनी कर्जात बुडाली होती. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर या गृहस्थाने तिचा कारभार हाती घेतला आणि नोकरांसाठी चार प्रश्न लिहून काढले. हे खरे आहे काय? सर्वांना न्याय्य आहे काय? याने सद्‌भाव व मैत्री वाढेल काय? सर्वांचे हित होईल काय? त्यानंतर टेलरसाहेबांनी आपल्या जाहिरातींतून ‘सर्वोत्तम’, ‘सर्वश्रेष्ठ’ हे शब्दच काढून टाकले, कारण ते सिद्ध करता येत नव्हते. काही वर्षांत कंपनीचे कर्ज फिटले. १९४३ मध्ये रोटरीने ही कसोटी स्वीकारली. बैठकीत ती उभे राहून म्हणावयाची आणि बाहेर आल्यावर आलेला निरोप न वाचताच पुढे ढकलायचा, हे काही बरे नव्हे.

निरोप न तपासता पुढे ढकलल्याने काय होते, हे महाराष्ट्राने रक्ताची किंमत देऊन पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. आपल्या कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरील काही स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. ज्या पोरांनी स्टेटस ठेवले ती कोण आणि दगड कोणाच्या दुकानावर पडले, याचा विचार करावा. नेट बंद म्हणजे फोनवरून येणारे पैसे बंद. त्यात भाजीवालाही बुडतो आणि कापडवालाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

अशा वेळी सरकारी पत्रक येईपर्यंत बाजारात वारे फिरून जाते. मध्ये जी पोकळी राहते, ती सेवा क्लब भरून काढू शकतो, कारण त्याच्या यादीत सर्व समाजांची माणसे आहेत. ठाण्यातून किंवा प्रांत कार्यालयातून खात्री करून ‘आज दुपारी अमुक वाजता विचारले, वडगावात शांतता आहे, बाजार चालू आहे’ एवढ्या दोन ओळी पाठविल्या तरी पुष्कळ होते. मात्र हे त्यालाच जमते, ज्याने वर्षभर खोटे काही पाठविलेले नाही. ऐन वेळी पत तयार होत नसते.

पोलिओच्या मोहिमेत हेच घडले होते. रोटरीने १९८५ पासून जगभर हे काम अंगावर घेतले. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात ‘डोसाने मूल होत नाही’ अशी अफवा मुस्लिम मोहल्ल्यांत पसरली. मोठमोठी भित्तीपत्रके लावून ती गेली नाही. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास होता त्या उलेमांना रोटरीने बरोबर घेतले, त्यांनी लोकांना समजाविले, तेव्हा दरवाजे उघडले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हा धडा मोबाइललाही लागू आहे. आमच्या मोहल्ल्यातील पुष्कळ वयस्कर मंडळी उर्दू शाळेत शिकलेली आहेत. त्यांच्यापर्यंत शुद्ध मराठीतील लांबलचक मजकूर पोहोचत नाही. तेथे ओळखीच्या डॉक्टरांच्या आवाजात, घरगुती दखनीत अर्ध्या मिनिटाचा निरोप गेला तर तो स्वयंपाकघरातही ऐकला जातो.

रक्तदानाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘तातडीने रक्त हवे’ असे निरोप वर्षानुवर्षे फिरत राहतात. रुग्ण केव्हाच घरी गेलेला असतो, नातेवाईक मात्र फोन घेऊन बेजार होतात. पिशवीतील रक्त सुमारे ३५ दिवस टिकते, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. म्हणून एकाच दिवशी मोठे शिबिर घेऊन फोटो काढण्यापेक्षा क्लबने गटवार यादी करावी, कोणी कधी रक्त दिले त्याची तारीख लिहावी आणि पुरुषाला तीन, स्त्रीला चार महिने झाल्यावरच पुन्हा बोलवावे. कोणत्या रक्तपेढीत किती साठा आहे, हे सरकारच्या ई-रक्तकोष या ठिकाणी पाहता येते. निरोप पाठविण्यापूर्वी तेवढे पाहावे.

फोटोंबद्दल मात्र स्पष्टच बोलले पाहिजे. वही-दप्तर घेणाऱ्या मुलाचा, शिधा घेणाऱ्या विधवेचा चेहरा साऱ्या गावाला दाखविणे ही सेवा नव्हे. उधारीवर कापड नेणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो आपण दुकानाबाहेर लावतो काय? फोटो द्यायचाच तर मालाचा द्यावा, पावतीचा द्यावा, जमा-खर्चाच्या कागदाचा द्यावा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे महिन्यातून एकदा ग्रुपवर आले तर पुढची वर्गणी न मागता येते. पैसे घेताना क्यूआर कोड क्लबच्या बँक खात्याचाच असावा, कोणा पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याचा नव्हे. नीयत साफ असली तरी हिशेब गढूळ होतो.

ग्रुप चालविणाऱ्यांना कायद्याची धास्ती वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे की, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. तरीही मदतीच्या कामाचा ग्रुप वेगळा ठेवून त्यात फक्त ॲडमिननेच लिहावे, अशी सोय करून घेणे शहाणपणाचे. शुभेच्छांसाठी दुसरा ग्रुप आहेच.

आणखी एक अडचण आहे. रोटरी आणि लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्ष बदलतो. जुन्या अध्यक्षाबरोबर फेसबुक पानाचा पासवर्डही जातो, रक्तदात्यांची यादीही जाते. नवा अध्यक्ष नव्या नंबरवरून नवा ग्रुप काढतो. पेढीचा मालक बदलला तरी खतावणी पेढीतच राहते. क्लबसाठी एक स्वतंत्र सिमकार्ड घ्यावे, याद्या व पासवर्ड एका वहीत लिहून ती सचिवाकडे द्यावी आणि पदग्रहणाच्या दिवशी हारांबरोबर ती वहीही नव्या माणसाच्या हाती पडावी. या कामास जून महिना पुरेसा आहे.