बासष्ट सुतांचा हिशेब

पावसाळा सरून शेतवाटा कोरड्या झाल्या की वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोऱ्याच्या बाजूला एखादी लाकूड भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आरा मशीनच्या दिशेने जाताना दिसतेच. ट्रॉलीत जंगलातला साग क्वचित असतो. बहुतेक वेळा असते ते घरचे लाकूड: धुऱ्यावरची बाभूळ, विहिरीजवळचा कडुनिंब, वादळात पडलेला आंबा, बांधावरची निलगिरी. शेतकऱ्याला त्यातून दाराची चौकट, गोठ्याला फळ्या, जमल्यास एखादा दिवाण हवा असतो. ओंडका मशीनवर चढताना तो मिस्त्रीला एकच गोष्ट बजावतो, की वाया काही जाऊ देऊ नका.

ही मागणी अगदी रास्त आहे. आपल्याकडे गोल लाकूड मोजण्याची जुनी रीत अशी: घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. तीन फूट घेराचा, आठ फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने साडेचार घनफूट भरतो. त्याची चारी बाजूंची सालपटे काढली, तर आठ इंच रुंद आणि आठ इंच उंच असा चौकोनी नग कसाबसा बसतो. त्यातून निघणारी एक इंच जाडीची एक फळी अर्ध्या घनफुटाच्याही खाली, साधारण ०.४४ घनफूट असते. म्हणजे मोजून घेतलेल्या लाकडाचा जवळजवळ दहावा हिस्सा एका फळीत असतो. ती बिघडली तर ज्याचे झाड आहे त्याला लागते, आणि लागावेच. ते झाड वाढायला वीस-पंचवीस वर्षे गेलेली असतात.

बिघडण्याचा धोका सर्वात जास्त असतो तो शेवटच्या फळीला. नग जाड असतो तोवर त्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी खाली, पात्यापासून दूर असतात. एकेक फळी निघत जाते, नग पातळ होतो आणि पाते पकडींच्या जवळ येत जाते. शेवटच्या फळीच्या वेळी लाकडाची उंची आणि पकडीची उंची यांत बोटभराचे अंतर राहते, कधी तेही राहत नाही. पाते लोखंडावर आदळते ते इथे.

आपल्याकडच्या जुन्या आरा मशीनवर पाते उभे फिरते आणि ओंडका रुळावरच्या ट्रॉलीला जखडून त्याच्याकडे नेला जातो. नव्या धाटणीच्या आडव्या यंत्रावर ओंडका जागेवर पडून राहतो आणि पाते त्याच्यावरून सरकते. उभ्या यंत्रावर आदळण्याची भीती ट्रॉलीच्या टेकूला आणि ओंडक्यात रुतवलेल्या आकड्यांना असते, आडव्यावर ती बाजूच्या पकडींना आणि खालच्या लोखंडी पाटाला असते. दुखणे मात्र दोन्हीकडे एकच.

हे पाते म्हणजे दोन चाकांवर ताणून बसवलेली दातेरी पोलादी पट्टी. अशा अखंड पट्टीच्या करवतीचे पेटंट विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०८ सालीच घेतले होते, पण पट्टीची दोन टोके टिकाऊ सांधता येत नसल्याने ती कल्पना तशीच पडून राहिली. १८४६ मध्ये ॲन पोलिन क्रेपँ या फ्रेंच बाईने सांध्याची खात्रीची रीत शोधली आणि पॅरिसच्या पेरँ यांनी ती घेऊन यंत्रे बनवली. आज जगभर ओंडके चिरणारी पट्टीची यंत्रे अशाच सांधलेल्या पट्टीवर चालतात. या कारागीर बाईचे नाव आपल्या वखारींमध्ये कुणाला ठाऊक नसावे, याची हळहळ वाटते.

पट्टी सेकंदाला सुमारे पंचवीस मीटर वेगाने पळते, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर. त्या वेगात तिचे दात पकडीला लागले तर ठिणग्या उडतात आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी कित्येक दातांची टोके जातात. पट्टी तुटली तर निदान काम थांबते. ती तुटत नाही तेव्हाचे नुकसान अधिक कपटी असते. दात एकाच बाजूचे बोथट झाले, तर पट्टी धार शिल्लक असलेल्या बाजूला ओढ घेते आणि पुढची प्रत्येक फळी लाटेसारखी, कुठे जाड कुठे पातळ निघते. दातांच्या मुळाशी बारीक तडा गेला असेल तर तो दिसतही नाही. पट्टी मग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कुणाच्या ओंडक्यात तुटते आणि त्या वेळी समोर कोण उभे असेल ते सांगता येत नाही.

हे टाळण्याचा उपाय शेवटच्या फळीजवळ सापडत नाही. तो पहिल्या कापाआधी, सुतांत मोजून काढावा लागतो.

सुतारकामात इंचाचे आठ सूत होतात. पट्टी कापताना स्वतःच्या जाडीचे आणि दातांच्या फाकेचे लाकूड भुसा करून टाकते. उभ्या यंत्राच्या रुंद पट्टीला ही वाट साधारण एक सूत लागते, आडव्या यंत्राच्या बारीक पट्टीला त्याहून कमी. हिशेबाला सोपे म्हणून एक सूत धरू. आठ इंची नग म्हणजे ६४ सूत. आता वरून सुरुवात करून एक इंची फळ्या काढत जा. दर वेळी पाते नऊ सूत खाली येणार, आठ फळीचे आणि एक भुशाचे. पाटापासून पात्याची उंची ५५, ४६, ३७, २८, १९, १० अशी उतरत जाते. सहा फळ्या निघाल्या आणि पाटावर दहा सुतांचा तुकडा उरला. तो सव्वा इंची आहे आणि गिऱ्हाइकाला हवी आहे एक इंची फळी. सवयीच्या हाताने पाते आणखी नऊ सूत उतरवले, तर ते पाटापासून एका सुतावर येते. तिथे लाकूड पकडण्यासारखे काही उरलेले नसते. पट्टी जरा थरथरली तरी खाली लोखंडच आहे.

जाणता मिस्त्री उलटे, खालून वर मोजतो. सात फळ्यांचे ५६ सूत, त्यांच्यामधल्या सहा कापांचे सहा, एकूण ६२. नगात दोन सूत जास्त आहेत. ते पहिल्याच कापात वरून सालपट म्हणून काढून टाकायचे आणि पाते ६२ वर आणायचे. मग ५३, ४४, ३५, २६, १७ आणि शेवटी ८. शेवटचा काप बरोबर एक इंच उंचीवर होतो आणि खाली उरते ती सातवी फळी, इतर सहांइतकीच जाड. दोन सूत लाकूड सोडले तेव्हा एक अख्खी फळी पदरात पडली. यासाठी लागते ती पाटाला शून्य धरून यंत्राच्या खांबावर लावलेली पोलादी टेप आणि पहिल्या कापाआधी खडूने ओंडक्यावर लिहिलेले आकडे. अंदाजाने काम करणाऱ्या तरबेज माणसालाही दिवसाच्या शेवटी, थकल्या डोळ्यांनी, अंदाज चुकतो.

आकडे ठरले की पकडींची पाळी. शेवटचा काप आठ सुतांवर होणार असेल, तर पकड पाऊण इंचाच्या, म्हणजे सहा सुतांच्या वर येता कामा नये. सुरुवातीला नग उंच असताना पकड वर असली तरी चालते. पण शेवटच्या दोन-तीन फळ्या राहिल्या की काम थांबवून प्रत्येक पकड, प्रत्येक टेकू खाली घ्यायचा. मग मोटर बंद ठेवून पाते, किंवा उभ्या यंत्रावर ट्रॉली, ओंडक्याच्या पूर्ण लांबीवरून एकदा रिकामी फिरवायची आणि कुठे किती फट राहते ते पाहायचे. याला एक-दोन मिनिटे लागतात. मोटर बंद केली तरी चाके लगेच थांबत नाहीत, म्हणून पट्टी पूर्ण उभी राहिल्याशिवाय त्या फटीत हात घालायचा नाही.

एवढे करूनही लाकूड आपला स्वभाव दाखवते. निलगिरीसारख्या भराभर वाढणाऱ्या झाडाच्या अंगात ताण भरलेला असतो. एका बाजूच्या फळ्या काढत गेले की उरलेला नग धनुष्यासारखा वाकतो, त्याची टोके किंवा मध्यभाग पाटावरून उचलला जातो. मग टेपवर एक इंच वाचले तरी पात्याखाली एक इंच नसतो. यावर रीत अशी की सगळ्या फळ्या एकाच अंगाने काढायच्या नाहीत. अर्ध्यावर नग उलटा करायचा, दुसऱ्या अंगाने चिरायचा, म्हणजे ताण दोन्हीकडून सुटतो. उलटवण्याचा एक कापही हिशेबात आधीच धरावा लागतो. उरलेला तुकडा तरीही डुलत असेल, तर त्याची आणखी फळी काढण्याचा हट्ट सोडावा. गाभ्याजवळचा तो दोन इंची तुकडा चिरण्यापेक्षा तसाच गोठ्याच्या कामाला घेतलेला बरा. निलगिरीच्या गाभ्याची पातळ फळी वाळताना तशीही तडकते.

पट्टी गेली तर नवी येते. बोटाचे तसे नाही. ट्रॉली नसलेल्या, टेबलाच्या छोट्या मशीनवर एक जण लाकूड ढकलतो आणि पलीकडून दुसरा ओढतो. नग जाड असताना ढकलणाऱ्याचा हात पट्टीपासून दूर असतो. शेवटच्या फळीला तो पट्टीच्या रेषेत येतो. लाकडात गाठ लागते, ढकलणारा जोर लावतो, गाठ एकदम सुटते आणि हात पुढे जातो. वखारीतल्या जुन्या माणसांच्या अर्ध्या बोटांमागे पुष्कळदा हा क्षण असतो.

याचा विचार कायद्याने केलेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याखाली १९६३ साली महाराष्ट्राचे कारखाने नियम झाले. त्यांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळी तरतूद करण्यात आली. पट्टीच्या यंत्राचे खालचे चाक दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेले हवे, वरच्या चाकाला पुढून पत्रा हवा, आणि पट्टीचा जेवढा भाग प्रत्यक्ष कापतो तेवढाच उघडा असावा. गोल करवतीला तर लाकूड ढकलण्यासाठी काठी ठेवणेच सांगितले होते. मात्र दोन-चार माणसांवर चालणारी गावची आरा मशीन या नियमांच्या कक्षेत सहसा येत नाही. म्हणून काठी ठेवायची की नाही हे तिथे मालकाच्या मनावर राहते. पट्टीच्या मशीनवरही ती तितकीच कामाची आहे. टोकाला खाच असलेली हातभर काठी त्याच वखारीतल्या सालपटातून निघते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरले होते, अख्खी तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के. ज्याच्या हाताशिवाय दुसरी मिळकत नाही त्याच्यासाठी हे आकडे फारच तोकडे आहेत.

पात्याला लागणारे लोखंड नेहमी यंत्राचेच असते असे मात्र नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात ते ओंडक्याच्या पोटातही असते आणि याला थोडाफार कारणीभूत आहे दिल्लीचा एक खटला. निलंबूरच्या राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमलपाद यांनी गुडलूरच्या जंगलाची तोड थांबावी म्हणून १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने देशभरातल्या जंगलतोडीला आणि विनापरवाना आरा गिरण्यांना चाप बसला. २००२ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवी आरा गिरणी काढायला मनाई झाली. केंद्र सरकारने २०१६ साली नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली तोवर हीच घडी राहिली. जंगल वाचवायला हे करायलाच हवे होते. यंत्रांकडे येणारे लाकूड मात्र जंगलाऐवजी शेतातून अधिक येऊ लागले. त्यातही साग, आंबा, मोह, चिंच यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

शेतातले झाड माणसांच्या सहवासात वाढलेले असते. त्याच्या खोडाला कुंपणाची काटेरी तार गुंडाळलेली असते, बैल बांधायला कडी ठोकलेली असते. रस्त्याकाठच्या कडुनिंबाला तर प्रत्येक निवडणुकीत पाट्यांचे खिळे बसतात. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, त्यामुळे पाच फुटांवर ठोकलेला खिळा पंचवीस वर्षांनीही पाच फुटांवरच असतो. वाढतो तो घेर, आणि तो खिळ्याला पोटात घेतो. म्हणून सर्वात जाड, सर्वात किमती असा बुंध्याचा ओंडका सर्वात धोक्याचा असतो. खिळा जितका जुना तितका तो गाभ्याजवळ. नग उलटसुलट करून चिरला तर गाभा शेवटच्या एक-दोन फळ्यांत येतो, म्हणजे लोखंड भेटायचे तेही शेवटीच.

बाभळीचे लाकूड याची आगाऊ सूचना देते. तिच्यातले टॅनिन लोखंडाला भेटले की निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच रसायनाने होत असे. ओंडक्याच्या टोकावर असा काळा पट्टा दिसला तर त्या रेषेत कुठेतरी लोखंड आहे असे धरून चालावे. हातात धरायचे धातुशोधक यंत्र मिळते आणि ज्या वखारीत शेतातले लाकूड रोज येते तिथे ते असायला हवे. पण त्याआधीची माहिती असते ती झाडाच्या धन्याकडे. कडी कुठे होती, तार किती उंचीवर होती, बैल कुठल्या अंगाला बांधले जात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नेमके आठवते. झाड उभे असतानाच ते विचारून खोडावर चुन्याने खूण करावी आणि तोडताना खुणेच्या वर-खाली वीतभर अंतर सोडून ओंडका कापावा. मधला तेवढा तुकडा सरपणात टाकावा. आरा मशीनवर माल उतरवताना कुठला तुकडा बुंध्याचा आहे तेही मिस्त्रीला सांगावे, म्हणजे तो पहिला काप लावण्याआधी त्याच ओंडक्याची साल काढून नीट पाहील.