झटका मशीन: धुऱ्यावर आणि कोठीत

सौर कुंपणाच्या, म्हणजे शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात त्याच्या, तारा बारीक असतात. मनात आणले तर रोही त्या छातीने तोडून जाईल आणि चितळ वरून उडी घेईल. तरीही विदर्भात जिथे ही यंत्रणा नीट चालते तिथे कळप धुऱ्यापर्यंत येतात आणि माघारी फिरतात. त्यांना अडवते ती तार नव्हे, तारेची आठवण. नाकाला एकदा बसलेला झटका जनावर बरेच दिवस विसरत नाही. कुंपण कसे उभारायचे, कसे राखायचे आणि हंगाम संपल्यावर कसे उचलून ठेवायचे हे सगळे या एका गोष्टीवरून ठरते.

यंत्राचे काम सोपे आहे. पॅनेल दिवसा १२ व्होल्टची बॅटरी भरते. मशीन त्या बॅटरीतून थोडी थोडी वीज घेऊन कपॅसिटरमध्ये जमा करते आणि सेकंदा-सव्वा सेकंदाला एकदा ती ट्रान्सफॉर्मरमधून तारेत सोडते. त्या क्षणी तारेवर ५ ते १० हजार व्होल्टचा दाब येतो, पण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. दोन झटक्यांमध्ये तार मोकळी असते, म्हणून चिकटलेल्याला अंग सोडवून घेता येते. आंतरराष्ट्रीय मानकाने एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या आत आणि दोन झटक्यांतले अंतर किमान एक सेकंद ठेवायला सांगितले आहे. या तंत्राची मोठी वाढ न्यूझीलंडच्या कुरणांत झाली. हॅमिल्टनच्या बिल गॅलाघर यांनी १९३०च्या दशकात विजेचे कुंपण घडवले आणि पुढे ते जगभर गेले.

महावितरणच्या लाइनवरून तारेत थेट २३० व्होल्ट सोडणे हा निराळाच प्रकार आहे आणि त्याला कुंपण म्हणणेही चूक आहे. तो प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात, पकड सुटत नाही. २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात 'श्रीनिवास' हा वाघ शेताच्या अशाच जिवंत तारेने मेला. रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीही असाच मरू शकतो. वीजचोरी आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग असे गुन्हे वर पडतात ते वेगळेच. वनालगतच्या गावांतील शेतकऱ्यांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळत असताना हा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही.

हरणवर्गाला झटका बसवणे दिसते तितके सोपे नाही. या प्राण्यांचे केस आतून पोकळ असतात आणि पोकळीतली हवा वीज अडवते, खूरही कोरडेच. पाठीला किंवा फऱ्याला तार घासली तरी अनेकदा काही होत नाही. झटका लागतो तो ओल्या नाकाला, जिभेला किंवा कानाच्या पातळ कातडीला. अमेरिकेत बागा आणि फळबागा राखणारे लोक यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला शेंगदाण्याचे लोणी फासून तो पत्रा जिवंत तारेला लटकवतात. वासाने आलेले पांढऱ्या शेपटीचे हरीण आधी नाक लावते आणि पहिल्याच भेटीत धडा शिकते. आमिष नसले तरी तार नजरेस पडली पाहिजे, म्हणजे जनावर थांबून हुंगते. हरणांना लाल-नारिंगी रंग नीटसा ओळखता येत नाही, तेव्हा पांढऱ्या किंवा निळ्या पट्ट्या बांधाव्यात. लाल चिंध्या माणसालाच दिसतात.

तारांची उंची पिकाकडे पाहून नव्हे, जनावराकडे पाहून ठरते. रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीत-सव्वा वीत हवी. चितळ आणि काळवीट उड्या मारण्यात पटाईत असले तरी घाई नसेल तेव्हा ते तारांमधून शिरायला बघतात, म्हणून मधल्या तारा जवळ जवळ घ्याव्यात. रोह्यासाठी वरची तार पाच फुटांच्या पुढे न्यावी लागते. काटेरी तारेत झटका कधीच सोडू नये. तिच्यात अडकलेल्याला सुटता येत नाही.

एवढे करूनही कुंपण 'मारत नाही' अशी तक्रार आली, तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतो. तारेतून जनावराच्या अंगात शिरलेली वीज पायांतून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत आली, तरच झटका बसतो. यासाठी सहा-सात फुटी जस्तलेपित सळ्या, किमान तीन, एकमेकींपासून दहा-दहा फुटांवर ठोकतात. एक हातभर गज खोचून भागवण्याची सवय सगळीकडे आहे आणि तीच नडते. काळी जमीन पावसाळ्यात उत्तम वाहक असते. हरभरा घाटीवर येईपर्यंत तिला भेगा पडतात आणि वाट तुटते. त्या वेळी सळ्यांच्या बुडाशी पाणी ओतावे किंवा एकाआड एक तार अर्थिंगला जोडावी, म्हणजे दोन तारांना एकदम शिवणाऱ्याला जमिनीच्या ओलीशिवायही झटका लागतो.

पावसाळ्यात उलटा त्रास. गवत आणि वेल तारेला टेकले की दर झटक्याला थोडी वीज जमिनीत गळते. इन्सुलेटरला केसाएवढी चीर गेली तरी तेच होते. रात्री धुऱ्यावरून चालताना टक्-टक् असा बारीक आवाज आला आणि अंधारात निळसर ठिणगी दिसली, की गळती तिथेच. मशीनजवळ नव्हे, तर कुंपणाच्या सर्वांत लांबच्या टोकाला टेस्टर लावून दाब मोजावा. तो ४ हजारांच्या वर असावा. ३ हजारांच्या खाली गेल्यावर केसाळ जनावर त्याला जुमानत नाही.

तार उभी आणि वीज बंद ही सर्वांत वाईट अवस्था. बॅटरी वाचवायला दोन रात्री मशीन बंद ठेवले आणि त्यातल्या एका रात्री कळप आत गेला, तर जुनी आठवण पुसली जाते आणि पिकाची चव मात्र लक्षात राहते. त्यामुळे मार्चमध्ये हरभरा, गहू निघाला आणि शेत रिकामे झाले, की कुंपण बंद करून सोडून देण्यापेक्षा उतरवलेले बरे. चोरीची भीतीही टळते.

उतरवताना आधी मशीन बंद करावे, काही मिनिटे थांबावे आणि मग जोडण्या सोडाव्यात. धाग्यांत बारीक धातूतारा विणलेली पॉलिवायर गुंडाळीवरच गुंडाळावी. ती दुमडून पोत्यात कोंबली तर आतल्या तारा तुटतात. बाहेरून धागा शाबूत दिसतो आणि पुढच्या हंगामात वीज पुढे का जात नाही हे कळत नाही. उंदरांना ती कुरतडायला आवडते, म्हणून झाकणाचा डबा बरा. लोखंडी तारेची वेटोळी खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नयेत, कारण खताला ओल सुटली की जस्ताचा थर खाल्ला जातो.

बॅटरीची काळजी सगळ्यांत जास्त. शिसे-आम्लाची बॅटरी अर्धवट उतरलेली ठेवली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून घट्ट होते आणि जून येईपर्यंत ती कामातून जाते. ठेवण्याआधी ती पूर्ण भरावी. चार्जरपासून सोडवून काही तास गेल्यावरही साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा भरावी. जागा थंड हवी. वैशाखात तापलेली टिनाची शेड बॅटरीला सर्वांत वाईट, कारण उष्णतेने ती आपोआप लवकर उतरते. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज मात्र जुन्या डब्यांच्या काळातला. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचे भय नाही. लिथियमची बॅटरी असेल तर नियम उलटा: ती निम्मी-अधिक भरलेली ठेवतात.

बॅटरी आत बसवलेले छोटे मशीन अंधाऱ्या कोठीत ठेवून विसरणे हाही तोट्याचा व्यवहार. त्याचे बटण बंद ठेवून दोन-तीन दिवस पॅनेलला कडक ऊन द्यावे आणि मग आत न्यावे. डब्याच्या फटी बंद कराव्यात. पाली आणि मुंग्या आत शिरल्या की सर्किट बिघडते.

पेरणी उरकून कोंब वर येण्याआधी कुंपण पुन्हा उभे राहिले पाहिजे, कारण कोवळ्या सोयाबीनची चव लागलेल्या कळपाला परतवणे कठीण जाते. तारा ओढल्या त्याच संध्याकाळी मशीन सुरू करावे, पिवळे इशारा फलक लावावेत आणि शेवटच्या टोकाला टेस्टर टेकवावा.